थायरॉईड नव्हे, नसीम

नसीम, तुला डेंग्यू झाला होता. हे मी तुलाच सांगतेय याची गंमत वाटेल तुला, पण गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की समोर कुणीही आलं तरी तोंडातून तेच बाहेर पडतं. ताप तू अंगावर काढलास. मूर्तिजापूरच्या घरून तुला अकोल्याला आणलं तोवर पेशी पार उतरल्या होत्या, आणि पाचव्या दिवशी सकाळी तू गेलीस. एका डासाने नेलं तुला. इतकं फालतू मरण तुला शोभत नाही, आणि त्याबद्दल मी त्या डासाला, त्या गटारीला आणि तापात वर्गावर जाणाऱ्या तुला, तिघांनाही माफ करणार नाही.

पण लोकांना डास पुरत नाही. तू कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचीस, दर बुधवारी पोरापोरींना मनातलं बोलायला घेऊन बसायचीस, लग्न केलं नव्हतंस आणि बत्तिशीत गेलीस. एवढं भांडवल लोकांना रग्गड झालं. आत्महत्यांच्या या वर्षांमध्ये आपल्या वऱ्हाडात तरणंताठं माणूस गेलं की 'कशानं गेलं' असं कुणी विचारतच नाही. 'काहून केलं असं?' हाच पहिला प्रश्न. इतकी सवय लागली आहे आपल्याला. तुझ्याबद्दलही तेच. "टेन्शन होतं का वं तिले?" "लोकायच्या डोक्याचं ऐकू ऐकू हिच्याच डोक्यात गेलं असन."

मी भांडले ना! मूर्तिजापूरच्या बसस्टँडवर ओळखीच्या एका बाईंवर तर अशी तुटून पडले की कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. "तिच्या डोक्यात काहीही नव्हतं! चांगली धडधाकट होती ती! असलं काही तिच्या वाऱ्यालाही नव्हतं!" बाई पिशवी सावरत मागे सरकल्या. मी खिडकीशी जाऊन बसले, जिंकल्यासारखी. बस गावाबाहेर पडली आणि मग माझं मलाच ऐकू आलं. 'असलं काही.' नसीम, पोरीच्या वेळची मधली दोन वर्षं सोडली तर मी रोज सकाळी ती गोळी घेते. ती मला कुणी सुरू करून दिली, तर तू. आणि तू गेल्यावर मी तुझी बाजू घेतली ती कशी, तर 'असलं काही तिला नव्हतं' म्हणून. जसा काही तुझ्या चारित्र्यावरचा डाग पुसत होते. तू शेजारच्या सीटवर असतीस तर चिमटा काढून म्हणाली असतीस, "म्हंजे असलं काई असतं, तर मी वाईट झालो असतो का वं?"

याचं उत्तर मला तुला द्यायचंय. आपलं भांडण तसंही अर्धं राहिलंय.

आठवतं ना, भांडणाची सुरुवात कागदांच्या गठ्ठ्यापासून झाली. अमरावतीला विद्यापीठाच्या वसतिगृहात आपण एका खोलीत होतो. तू एम.ए.ला, मी वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला. विद्यापीठातल्या मुलामुलींना मनाच्या आजारांबद्दल काय माहीत आहे, हा तुझ्या प्रबंधाचा विषय. पंचवीस प्रश्नांचा कागद तू सायक्लोस्टाइल करून आणलास, एक्केचाळीस प्रती माझ्या हाती दिल्यास आणि म्हणालीस, "मेसमधी वाटून दे अन् भरून घे. मी अब्बूले पाहून येतो." तुझ्या अब्बूंचं मूर्तिजापूरला कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचं दुकान. पिंजणाचा दमा त्यांना तेव्हाच जडला होता.

मी वाटले कागद. पण ती वर्षं कसली होती ते तुलाही माहीत आहे. गावोगाव गाडीतून कुणी ना कुणी उतरायचं आणि मदतीचे फॉर्म भरून घ्यायचं. आमची अकोल्याजवळ फुलांची वाडी, गेंदा आणि शेवंती, आमच्याकडेही तीनदा भरून घेतले. काय लिहिलं की नाव यादीत लागतं आणि काय लिहिलं की कटतं, हे आमच्या घरात माझ्या आजीलाही कळायचं. त्यामुळे मेसमध्ये कागद फिरले तेव्हा मोर्शीच्या रेखाने पहिला प्रश्न केला, "याच्यातून भेटन काय?" दुसरीने विचारलं, "घरी त नाई कळवनार?" आणि मग मी, शहाणी, खुर्चीवर उभी राहिले. मला वाटलं, तुझं काम चांगलं व्हायला हवं. पोरींना म्हटलं, बरोबर उत्तरं लिहा, वसतिगृहाचं नाव होईल, मी सांगते.

"प्रश्न चवथा, मानसिक आजार हा इतर आजारांसारखाच आजार आहे. हो लिहा. नववा, अंगात येणं म्हणजे देवी. नाही लिहा. बारावा, मानसिक आजारातून बऱ्या झालेल्या व्यक्तीशी तुम्ही लग्न कराल का? हो लिहा."

"मायबाई! कोनाशी?" रेखा ओरडली.

"लिही वं, लग्न थोडीच लावून राहिले तुयं!"

पोळ्या लाटणाऱ्या बायासुद्धा हसत होत्या. अर्ध्या तासात अख्ख्या वसतिगृहाला मानसिक आरोग्याचं संपूर्ण ज्ञान झालं. मी कागद परस्पर तुझ्या सरांकडे नेले, ते चाळून म्हणाले, 'विद्यार्थिनींमधील जागरूकता अत्यंत समाधानकारक.' ते तर तेवढ्यावर प्रकरण लिहायला सांगत होते.

तू सोमवारी परत आलीस. पलंगावर कागद पसरून बसलीस. तुझ्या केसांत अजून दुकानातला कापूस होता.

"चाळीस पोट्ट्या, अन् एकीचीबी चूक नाई?"

"हुशार आहेत."

"लय हुशार. सतराव्या प्रश्नाले साऱ्यायनं आधी 'कधीकधी' लिवलं, मंग खोडून 'नेहमी' लिवलं. चाळीसच्या चाळीस जनीनं."

सतराव्या प्रश्नाला मी आधी चुकीचं सांगितलं होतं आणि मग दुरुस्त केलं होतं. तू हसशील असं वाटलं मला. तू हसली नाहीस. गठ्ठ्याच्या तळातून एक्केचाळिसावा कागद काढून माझ्यापुढे धरलास. त्यावर एक अक्षरही नव्हतं.

"हा तुया हाये. साऱ्यायले उत्तरं सांगतली, अन् सोताचा कागद कोरा काहून?"

मला अजून कळलेलं नाही की तो मी का भरला नाही. वेळ नव्हता म्हणाले तेव्हा. खरं तर त्यातला एकोणिसावा प्रश्न मी इतरांना घडाघडा वाचून दाखवला होता: दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल तर तुम्ही कुणाची मदत घ्याल? 'डॉक्टरांची' लिहा, असं मीच सांगितलं होतं. आणि मला स्वतःला तीन महिने झाले होते. सकाळी डबा घेऊन निघायचे, विभागाच्या फाटकापर्यंत जायचे, आत पाय उचलायचा नाही. मग शहर बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. आठ-आठ दिवस केस विंचरत नव्हते. विचारणाऱ्यांना ॲसिडिटी सांगायचे. घरी सांगून पाहिलं एकदा. बाबा म्हणाले, "दोन टाइम जेवाले भेटते, शिकाले भेटते, तुले काय धाड भरली?" वाईट हेतूने नाही म्हणाले. आजूबाजूच्या घरांमध्ये जे चाललं होतं ते बघून बिचाऱ्यांना खरंच वाटत होतं की आपल्या पोरीला दुःखी व्हायचा हक्क नाही. मलाही तेच वाटत होतं.

हे सगळं मी तुला त्या पलंगावर रडत रडत सांगितलं. तू फक्त म्हणालीस, "उद्या दवाखान्यात जाऊ."

मी काय केलं? तुझा बुरखा मागितला! तू गावी जाता-येताना घालायचीस आणि वसतिगृहात घडी करून ठेवायचीस, तो. सरकारी दवाखान्यातल्या त्या रांगेत कुणी ओळखलं तर, म्हणून. किती चिडलीस तू. "थो अल्लासाठी हाये, छाये. तुया लाजेसाठी नाई." मग मी तोंडाला ओढणी गुंडाळून आले. रांगेत एक म्हातारे बाबा विचारत फिरत होते, "पागलची लाइन कोनती हाये बाप्पा?" सगळी रांग छताकडे बघायला लागली. तू मात्र हात वर केलास. "हेच हाये काका, या. लंबी हाये, बसून घ्या." आणि त्यांना आपल्या पुढे घेतलंस. त्या दिवशी मला तुझी लाज वाटली होती, हे आज कबूल करते. एवढं मोठ्याने बोलायची काय गरज, असं वाटलं होतं.

ते कागद तू बाद केलेस. सर संतापले. समाधानकारक निष्कर्ष कुणी फेकून देतं का! तू दुकानातून एक अर्धी भरलेली रजई आणलीस आणि वसतिगृहाच्या हॉलमध्ये अंथरलीस. ऑर्डरचं काम आहे, टाके घालायला हात हवेत म्हणालीस. पोरी भोवती बसल्या. रजईला टाके घालताना मान खाली ठेवावी लागते, सुईकडे बघावं लागतं, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. तासाभराने रेखा रजईकडे बघतच म्हणाली, "माह्या मायच्या अंगात येते ना, तवा मले वाटते की मलेबी येईन." तिथून सुरू झालं. तू वही काढली नाहीस, नुसती टाके घालत राहिलीस, मधूनच "हाव" म्हणायचीस. ज्या पोरीने 'अंगात येणं म्हणजे देवी नाही' असं माझ्या सांगण्यावरून लिहिलं होतं, तिला त्याची किती भीती वाटते ते तेव्हा कळलं. अशा सात रजया झाल्या. सरांनी त्याला गप्पा म्हटलं आणि गुण कमी दिले. तुझ्या अब्बूंनी मात्र तक्रार केली की टाके वाकडे आलेत.

पुढे तू अमरावतीलाच कॉलेजात लागलीस आणि बुधवारची बैठक सुरू केलीस. मी अकोल्याला लागले, लग्न झालं. सुहासला मी लग्नाआधी सगळं सांगितलं होतं, तेही तुझ्या धाकाने. तो समजूतदार निघाला, पण म्हणाला, आईला नको सांगूस. म्हणून घरात माझी गोळी थायरॉईडची झाली. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सुनेले थायराईड हाये, पर गोळी टायमावर घेते." तू फोनवर पहिला प्रश्न करायचीस, "काय म्हनते तुया थायराईड?" आणि दर वर्षी, कॉलेज सुरू झालं की, तेच. एका बुधवारी ये. पोरायसमोर उभी राय. मी शिकवते, मले पोरगी हाये, अन् मी गोळी घेते, एवढंच सांग. माझी दर वर्षी नवी सबब. नोकरी कायम व्हायची आहे. पोरगी लहान आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.

"माहिती साऱ्यायले हाये आता," तू म्हणायचीस. "भिंतीवर पोस्टर हाये, परीक्षेत प्रश्न येते. माहितीनं कोनी दवाखान्यात जाते का? तू गेली होती का?"

"मला तू नेलंस."

"मंग तू कोनाले नेशीन?"

ताप यायच्या आठ दिवस आधीचा तो फोन. या वेळी तू गमतीत नव्हतीस. पहिल्या वर्षाला एक पोरगी आहे म्हणालीस, हुशार आहे, गोळ्या लिहून दिल्यात पण घेत नाही, म्हणते अशा गोळ्या घेणाऱ्या बाईचं पुढे काय होतं ते दाखवा. "मी दाखवू कोनाले? तू ये." मी म्हटलं, घरात कळेल. तू म्हणालीस, कळू दे. तेव्हा मी ते बोलले. "तुला काय जातंय बोलायला? तुला ना सासू ना संसार."

तू म्हणालीस, "हाव, मले नाई. ठेवतो."

रविवारी फोन करून सांभाळून घेऊ, असं मी ठरवलं. रविवारी तू तापात होतीस. दवाखान्यात तुझ्या उशाशी मला दहा मिनिटं मिळाली, तेव्हा नर्स सारखी येत-जात होती, अम्मी बाजूला होत्या, आणि मी तुला विचारलं की पपईच्या पानांचा रस घेतलास का. नऊ वर्षांच्या मैत्रीत मी तुला शेवटचं काय विचारलं, तर पपई. फोनवरचं ते वाक्य मी मागे घेतलं नाही, नसीम. माफी मागायची राहिली. ती आता कुठेही पोचत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून नुसती मागून मोकळी होणार नाही.

मूर्तिजापूरला तुझ्या घरी गेले होते. अम्मींनी माझा हात धरला. "बेटी, लोगां क्या-क्या बोल रहे. तू पढ़ी-लिखी है, तू सबको बता, मेरी बच्ची के दिमाग में कुछ नहीं था." मी हो म्हटलं. आईला दुसरं काय म्हणणार? तिथून परतताना बसस्टँडवर त्या बाई भेटल्या, आणि पुढचं तुला सांगितलंच आहे.

तुझ्या कॉलेजातून शोकसभेचा निरोप आला. मैत्रीण म्हणून मी दोन शब्द बोलावेत. आदल्या संध्याकाळी सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मी समोर जाऊन बसले.

"आई, मी घेते ती गोळी थायरॉईडची नाही."

"मंग कायची?"

"मनाची. उदासीचा आजार आहे मला. लग्नाच्या आधीपासून."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "सुहासले माईत हाये?"

"आहे."

"म्हंजे मलेच येड्यात काढलं तुमी दोघायनं." त्या उठल्या आणि परात घेऊन आत गेल्या. राग त्यांचा खरा आहे, आजारापेक्षा खोट्याचा जास्त असावा असं मला वाटतं, पण खात्री नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी माझ्या पोरीमार्फत बोलतात. 'तुया मायले सांग, दूध आलं.'

तू म्हणायचीस, एकदा सांगून टाक, हलकं वाटेल. साफ खोटं. मुळीच हलकं वाटलं नाही. सकाळी अमरावतीच्या बसमध्ये दोनदा वाटलं की मधेच उतरावं. तुझ्या बाकी सगळ्या गोष्टी मानते, ही मानणार नाही.

हॉल भरला होता. प्राचार्य चांगले बोलले, तुझ्या शिस्तीबद्दल, हसतमुखपणाबद्दल. आणि मग म्हणाले, "काही लोक भलतंसलतं बोलतात. पण मी ठामपणे सांगतो, नसीम मॅडमना तसला काही प्रकार नव्हता." टाळ्या पडल्या. लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या, नसीम! मला कळलं की बसस्टँडवर मी हेच भाषण केलं होतं.

मग मी माइकशी गेले. लिहून नेलेला कागद पर्समध्येच राहू दिला. म्हटलं, "नसीमला डेंग्यू झाला होता. तिच्या आईने सांगायला सांगितलंय, आणि ते खरं आहे. पण तिला मनाचा आजार असता, तरी ती हीच नसीम असती आणि तुम्ही याच हॉलमध्ये एवढेच रडला असता. नसता रडलात तर चूक तुमची. मला आहे तो आजार. मी छाया, अकोल्याला कॉलेजात शिकवते, मला एक मुलगी आहे, आणि मी रोज गोळी घेते. मला पहिल्यांदा दवाखान्यात हिने नेलं. गेली सात वर्षं ही मला इथे बोलवत होती आणि मी आले नाही. मी तिला फोनवर शेवटचं जे बोलले ते फार वाईट बोलले. ते मागे घ्यायला आज आलेय. या बुधवारी येईन, पुढच्याही येईन."

एवढंच बोलले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्राचार्य पाणी प्यायले. मी खाली उतरणार एवढ्यात मागच्या रांगेतून एक पोरगी उभी राहिली. मांडीवरची बॅग खाली पडली तरी तिने उचलली नाही.

"मॅडम, त्या गोळीनं झोप लय येते का? माह्या परीक्षा हायेत."

शंभर माना तिच्याकडे वळल्या. प्राचार्य हळूच म्हणाले, "बेटा, ही शोकसभा आहे." ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होती. तू म्हणत होतीस ती हीच का, ते मला माहीत नाही. तुझ्या पंचवीस प्रश्नांमध्ये हा प्रश्न नव्हता.

मी माइकवरूनच सांगितलं, "मला पहिले काही दिवस आली. मग डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी वेळ बदलून दिली. तू पण त्यांनाच विचार, आपल्या मनाने बंद नको करू. मी येते तुझ्यासोबत."

"अन् घरी काय सांगायचं?"

यावर मला छान काहीतरी बोलता आलं असतं. पण तू ऐकत असतीस तर खपवून घेतलं नसतंस. म्हणून म्हटलं, "ते मलाही अजून नीट जमलेलं नाही. मी काल सांगितलं, तर कालपासून सासूबाई बोलत नाहीत माझ्याशी."

तुझ्या शोकसभेत लोक हसले, नसीम. प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं. ती पोरगी मात्र बसली नाही, तिला आणखी विचारायचं होतं, आणि मी माइक सोडला नाही.